जिलबीचं पाणी

परवा सकाळी नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं. आषाढ उतरणीला लागला की दर वर्षी ते येतंच. पंचगंगा तेव्हा दोन्ही काठांची माती पोटात घेऊन चाललेली असते. ते पाणी कितीही गाळलं, निवळलं, तरी तिचा थोडासा रंग आमच्या मोरीपर्यंत पोचतो. गल्लीतल्या बायका तुरटीचे खडे शोधायला लागतात. मी बादल्या शोधते. रुंद तोंडाच्या बादल्या भरून व्हरांड्यात ओळीनं ठेवते, झाकण घालत नाही आणि एक दिवस त्यांना कुणाला हात लावू देत नाही. गाळ खाली बसतो, आणि या दिवसांत पाण्यात जे जास्तीचं औषध घातलेलं असतं त्याचा उग्र वास उडून जातो. समोर नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी विचारलं, "पाणी जाणार आहे का हो? एवढं भरून ठेवलंय ते?"

"नाही, माशासाठी," मी म्हटलं.

त्या आधी हसल्या आणि मग मासा बघायला आत आल्या.

आमची जिलबी आता तळहाताएवढी झाली आहे. पाठीवर केशरी, पोटाकडे फिकी, आणि चालणं एखाद्या जाडजूड, आनंदी बाईसारखं, शेपूट हलवत, कुठंच घाई नसल्यासारखं. नाव माझ्या लेकीनं, मुग्धानं ठेवलेलं. घरी आणली तेव्हा ती बोटाच्या पेराएवढी होती आणि सारखी गोल गोल फिरायची, म्हणून जिलबी. मग बारावी झाली, मुग्धा इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि जाताना मासा माझ्या पदरात टाकून गेली. सामान रिक्षात चढवताना तिनं मला बाकी काही सांगितलं नाही. "आई, जिलबीला बघ हं," एवढंच.

लेक गेल्यावर घर कसं होतं ते ज्यांच्या घरातून लेकरं बाहेर गेली आहेत त्यांना सांगायला नको. कुकरच्या शिट्ट्याही कमी झाल्या. त्या पावसाळ्यात हॉलमध्ये सतत ऐकू येणारा आवाज एकच होता, काचेच्या टाकीतल्या बुडबुड्यांचा. मी पेपर तपासायला मुद्दाम त्या आवाजाजवळ बसायची.

त्याच वर्षी पाणी चढलं.

कोल्हापुरात पावसाळ्याचे हिशेब ठरलेले असतात. गगनबावड्याला कोसळतोय म्हटलं की आपल्याकडे ऊन असलं तरी लोक नदीकडं बघून येतात. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की चौकाचौकात आवाज चढतात. त्या वर्षी हे सगळं एकदमच झालं. विलास, माझा नवरा, सकाळीच गाडी घेऊन जयसिंगपूरच्या पलीकडच्या आमच्या गावाकडे निघाला. तिथं माझे सासरे, आप्पा, एकटेच राहत होते. एकटे म्हणजे दोन म्हशींसह.

आप्पा निघायला तयार नव्हते. "पाणी दरसाली येतंय आणि जातंय. माणसं काय पळत सुटत्यात व्हय?" असं म्हणून ते कट्ट्यावर बसून राहिले. शेवटी अंगणात पाणी आलं आणि म्हशी दावं ओढायला लागल्या, तेव्हा उठले. विलासचा चुलतभाऊ दत्तू उचगावला राहतो, त्याचा गोठा आहे. टेम्पो करून म्हशी आधी तिथं पोचवल्या, त्यांच्यापुढं वैरण टाकली, आणि मग आप्पा आमच्याकडे आले. भिजलेलं धोतर, हातात एक पिशवी.

माझं लग्न होऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, पण आप्पा आमच्या घरी सलग दोन दिवस कधी राहिले नव्हते. आता ते पाहुण्यासारखे राहायला लागले. पंखा लावायचा तरी विचारायचे. जेवताना दुसरी भाकरी नको म्हणायचे. टीव्हीवर पुराच्या बातम्या लागल्या की उठून बाहेर जायचे. गावातलं घर कुठपर्यंत बुडालं असेल यावर त्यांनी चकार शब्द काढला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आमच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, त्यामुळे वर्ग बंद होते. मी घरीच. म्हणजे दिवसभर आम्ही दोघं, आणि जिलबी.

पहिल्या दिवशी त्यांनी टाकीकडे लांबूनच बघितलं. "ह्यो काय कामाचा गं?"

"कामाचा नाही, आप्पा. नुसता बघायला."

"आस्सं," ते म्हणाले. ज्या जनावराचं दूध नाही, शेण नाही, त्याला घरात मधोमध जागा द्यायची हे त्यांना पटलेलं दिसलं नाही. पण दोन दिवसांनी त्यांची खुर्ची खिडकीकडून टाकीकडे वळलेली होती. बोट काचेवर ठेवलं की जिलबी तिथं यायची. बोट सरकवलं की मागोमाग. पोरांनी खेळावं तसे ते तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन आणायचे. मी स्वयंपाकघरातून बघायची आणि बघितल्याचं कळू द्यायची नाही.

गोल्डफिश हा मासा जन्माचा भुकेला. माणूस दिसला की वर येतो आणि तोंडाचा चंबू करून बघत राहतो. मी सकाळी दाणे घालायची. विलास चहा पिताना चिमूटभर टाकायचा, कारण मी घातलेत हे त्याला ठाऊक नसायचं. आणि आप्पा भाकरीचा चुरा. एकदा मी बघितलं तर म्हणाले, "जित्राब तोंड वासून बघतंय आणि आपण खुशाल जेवायचं? बरं दिसंना." त्यांच्या आयुष्यात दाराशी बांधलेल्या कुठल्याच प्राण्यानं असं सारखं तोंड वासलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. त्यात वीज जायला लागली. सकाळी जायची, दुपारी यायची, परत जायची. फिल्टर बंद, बुडबुडे बंद.

एका सकाळी त्यांनीच मला हाक मारली. "सुमन, हिकडं ये. हिला काय तरी झालंय."

जिलबी तळाशी एका कोपऱ्यात पडून होती. पर अंगाला चिकटलेले. शेपटीत बारीक लाल रेघा उमटल्या होत्या, केसाएवढ्या. मध्येच ती धडपडत वर यायची, पाण्याच्या पृष्ठाला तोंड लावून हवा गिळायची आणि परत दगडासारखी खाली. आप्पांनी काचेवर बोट ठेवलं. ती वळलीसुद्धा नाही.

बाजारातल्या दुकानात गेले तर दुकानदारानं फोटो बघितला न बघितला आणि निळ्या औषधाची बाटली काउंटरवर ठेवली. "हे घाला, मॅडम. जगला तर जगंल."

मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत उभी राहिले आणि तिच्याशेजारी ठेवलेल्या एका डबीवर नजर गेली. पाणी तपासायचे थेंब. अमोनिया, असं लिहिलेलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. नायट्रोजनचं चक्र मी फळ्यावर इतक्या वेळा काढलं आहे की खडू आपोआप फिरतो. सजीवांची घाण कुजते, तिचा अमोनिया होतो, जिवाणू तो बदलतात, त्याचं निराळं काही करतात. बाणामागून बाण. तेच चक्र माझ्या हॉलमध्ये, दोन हात लांबीच्या काचेत अडकून पडलं होतं. मी औषध तिथंच ठेवलं आणि थेंब घेऊन घरी आले.

काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. पाणी चांगलं असेल तर पिवळं दिसायला हवं. आमचं हळूहळू हिरवं होत गेलं, करवंदीच्या पानासारखं गडद. गंमत म्हणजे टाकीतलं पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ होतं.

आप्पा शेजारी उभे होते. "हे हिरवं कशाचं?"

"तिच्याच घाणीचं, आप्पा. आणि न खाल्लेलं जे कुजतं त्याचं. एरवी फिल्टरमधल्या स्पंजात बारीक जीव असतात, ते त्याची वाट लावतात. पण वीज गेली, पाणी फिरलं नाही, तेही गुदमरले असणार."

"म्हंजी गोठा साठला," ते म्हणाले.

"तसंच."

"आणि वरनं मी भाकरी टाकत हुतो."

मी म्हटलं, आम्ही सगळेच टाकत होतो. पण ते ऐकत नव्हते. चपला घातल्या, छत्री घेतली. "म्हशींकडं जातो. आता ऱ्हातो तितंच दत्तूकडं. हितं माझ्या हातनं काय बरं हुयाचं न्हाय." आणि ते खरंच निघून गेले. मी गॅलरीतून बघत राहिले. बसस्टॉपकडे जाणारी ती काळी छत्री आणि तिच्याखालची वाकलेली पाठ बघून मला कळलं, की हे माशाचं नाही. ज्या माणसाचं घर पाण्यात आहे, त्याला दुसऱ्याच्या घरात आपण नकोसे आहोत असं वाटायला एवढंसं कारण पुरतं. आणि हे दुसऱ्याचं घर म्हणजे त्यांच्या मुलाचं.

मासा दुरुस्त करणं त्या मानानं सोपं होतं, म्हणजे काय करायचं ते ठाऊक होतं. थोडं थोडं पाणी काढायचं, तेवढंच चांगलं पाणी घालायचं. सगळं एकदम बदललं तर मासा त्या धक्क्यानंच जातो. पण चांगलं पाणी आणायचं कुठून? नदीकाठचे उपसा पंप पुरात गेले होते आणि शहराचे नळ बंद झाले होते. बाहेर बघावं तर पाणीच पाणी. पुलाच्या कमानींत नदी इतकी भरली होती की मच्छिंद्री झाली, म्हणजे पाणी कमानींच्या माथ्याला टेकलं, म्हणून लोक बघायला जात होते. आणि आमच्या गल्लीत घागरी घेऊन टँकरसाठी रांग. मीही त्या रांगेत उभी होते. माझ्यापुढं तान्हं बाळ घेतलेली एक मुलगी होती. घरी आणलेलं ते टँकरचं पाणी माशाच्या टाकीत ओतायला माझं मन होईना. पावसाचं धरावं म्हटलं, तर ते फार हलकं, त्यात क्षार नाहीत, आजारी माशाला नुसतं त्यावर ठेवणं धोक्याचं. मी रबरी नळीनं तळाची घाण ओढून काढली, पातेलंभर पावसाचं पाणी घातलं आणि बसून राहिले. वीज नव्हती. जिलबी वर येऊन हवा गिळत होती.

संध्याकाळ व्हायच्या आत दारात टेम्पो थांबल्याचा आवाज आला. दत्तूचा दुधाचा टेम्पो. मागं पाण्याचे पांढरे कॅन, आणि पुढच्या सीटवर आप्पा.

"हिरीचं पाणी हाय," ते आत येत म्हणाले. "उचगावात पूर न्हाय, हिरीत कुठलं बाहेरचं पाणी शिरलेलं न्हाय. कॅन चांगलं घासल्यात. साबण लावला न्हाय, तू मागं एकदा म्हणालीवतीस, मास्याला साबण चालत न्हाय. बघ, तुझ्या थेंबानं बघ."

मी बघितलं. विहिरीचं पाणी जरासं धुरकट होतं, तळाला मातीचा पदर. पण नळीतलं पिवळं पिवळंच राहिलं. आप्पांनी नळी माझ्या हातातून घेतली आणि उजेडात धरली, दुधाचा कस बघावा तशी.

"राहणार होतात ना उचगावला?" मी विचारलं.

"ऱ्हायलो आस्तो. पर पाणी तितं आणि मासा हितं," ते म्हणाले. "कुणी तरी आणाय पायजे की."

त्यांनी जास्तीचे कॅन आणले होते. गल्लीतल्या बायकांनी वापरायला नेले. बाळवाल्या मुलीच्या दारात ते स्वतः एक ठेवून आले.

मग आमचे ते दिवस सुरू झाले, जे अजून मला त्या पावसाळ्याचे सगळ्यात चांगले दिवस वाटतात. सकाळी दत्तूच्या टेम्पोबरोबर पाणी यायचं. ते टाकीजवळ ठेवून द्यायचं, म्हणजे दोन्ही पाण्यांचा थंडावा सारखा होतो. मग चौथा हिस्सा जुनं पाणी काढायचं आणि नवं लोट्यानं, काचेच्या कडेनं, धार न पाडता सोडायचं. हे काम आप्पांचं. स्पंज मी धुवायची, तोही चांगल्या पाण्यात नाही, काढलेल्या जुन्या पाण्यातच नुसता दाबून, म्हणजे त्यात तग धरून राहिलेले जिवाणू मरत नाहीत. वीज गेली की आप्पा स्टूल ओढून बसायचे. लोट्यात टाकीतलंच पाणी घ्यायचं आणि हातभर उंचीवरून परत टाकीत सोडायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. घ्यायचं, सोडायचं. मी म्हणायची, आता मी करते. "बस गं. मला काय शेत नांगरायचं हाय?"

त्यांना अवघड गेली ती एकच गोष्ट. मी जिलबीचं खाणं बंद केलं होतं. पोटात काही नाही तर घाणही नाही, आणि मासा बरेच दिवस उपाशी तगतो, हे मी समजावलं होतं. पण जेवायला बसलं की आप्पांचा हात भाकरीवर थांबायचा. शेवटी ते ताट घेऊन स्वयंपाकघरात आले आणि टाकीकडे पाठ करून जेवायला लागले. तिथं माझ्याशेजारी बसून त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी काय सांगावं याचा विचार करत होते. परगावी नवीन पोर, तिला कशाला घोर लावायचा. पण आप्पांनी फोन मागितला. "बाळ, आप्पा बोलतोय. तुझा मासा आजारी हाय. मी त्याला लई खाऊ घातलं. पाणी नासलं."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं, कारण आप्पा फोन कानापासून लांब धरतात. ती म्हणाली, "आप्पा, मी पण घालायचे हो. तिचं तोंड बघून राहवत नाही." मग म्हणाली, "आप्पा, आपलं घर कसं आहे?"

आम्ही जे इतके दिवस विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं. आप्पा खुर्चीत बसले. "खिडकीपातूर पाणी हाय म्हणं," ते म्हणाले. "कणगीतलं जोंधळं गेलं आसनार. तुझ्या आज्जीचं जातं हाय ते ऱ्हाईल, दगडाचं हाय. परसातला पेरू ऱ्हातोय का बघू. भिंत मातीची हाय मागची, ती कशी हाय द्येव जाणं." एकेक वस्तू ते सांगत गेले. विलास दारात उभा राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो वडिलांच्या शेजारी जाऊन बसला, आणि मग दोघं बराच वेळ मागच्या भिंतीबद्दल बोलत राहिले. आता विटांची बांधावी का, पाया किती उचलावा. मी चहा ठेवला. आमच्या घरात बापलेकांचं एवढं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

नळीतला हिरवा रंग रोज थोडा पातळ होत गेला. करवंदीच्या पानाचा पोपटी झाला, पोपटीचा पिकायला आलेल्या लिंबाचा. शेपटीतल्या रेघा फिकटल्या. एक दिवस जिलबीनं पर उघडले, नुसते उघडले, आणि टाकीच्या मधोमध आली. मी एक वाटाणा उकडून आप्पांच्या हातात दिला. त्यांनी नखानं साल काढलं, दाणा बोटांत कुस्करला आणि तीळभर तुकडा पाण्यात सोडला. जिलबीनं तो तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. तुकडा परत बाहेर आला नाही.

"घेतलं," आप्पा म्हणाले, आणि उरलेला वाटाणा स्वतः खाऊन टाकला, चुकून हातून पाण्यात पडायला नको म्हणून.

नदी उतरली तेव्हा आम्ही सगळे गावाला गेलो. मुग्धाही पुण्याहून आली. मागची भिंत पडली होती, पेरू उभा होता. घरभर चिखल, आणि त्याचा तो आंबूस वास. मी आणि मुग्धा सगळं एकदम धुऊन काढायला निघालो तर आप्पांनी थांबवलं. एक खोली, ती वाळू द्यायची, मग दुसरी. तसंच केलं. भिंत विटांची झाली, पाया उचलला. म्हशी परतल्या आणि आप्पाही परतले. ते शहरात रमले वगैरे काही झालं नाही. त्यांचा जीव तिथंच आहे आणि तो तिथंच असावा. पण त्यानंतर फोनवर ते विलासच्या आधी मला विचारतात, "पाणी कसं हाय?" आणि मी नदीचं सांगायला लागले की म्हणतात, "त्ये न्हाय गं. टाकीचं."

पुढं काही पावसाळ्यांत नदी परत अंगणापर्यंत आली. दर वेळी विलास गाडी घेऊन गेला, दर वेळी आप्पा कट्ट्यावर बसून राहिले, आणि दर वेळी पाणी पायरीला लागल्यावरच निघाले.

काल दुपारी दारावरची बेल वाजली. आप्पा उभे होते, एकटे, एसटीनं आलेले. खांद्याला पिशवी, हातात परसातले चार पेरू. विलास गोंधळून म्हणाला, "आप्पा, पाणी तर अजून पात्रातच आहे. मी पुढच्या आठवड्यात येणारच होतो न्यायला."

"ठावं हाय की," आप्पा चपला काढत म्हणाले. "दरसाली पाणी आणून सोडतंय. म्हटलं, यंदा आपल्या पायानं जावं."